गुरुजींच्या गालावरचे व्रण

फार पूर्वी, कोरिया देशातल्या एका गावात एक म्हातारे गुरुजी राहत होते. कन्फ्यूशियसची शिकवण त्यांना तोंडपाठ होती. ते मुलांना बजावत, "पूर्वजांच्या चित्रात एक केस जरी चुकला, तरी आपला नमस्कार परक्या माणसाला जातो!"

मुली वर्गात बसत नसत. चित्रकाराची मुलगी दाराआडून ऐकायची.

गुरुजी थकले, तेव्हा त्यांचंही चित्र काढायचं ठरलं. त्यांच्या पश्चात ते पूर्वजांच्या दालनात लागणार होतं. चित्रकार हाताखाली शिकणाऱ्या मुलीला घेऊन आला.

"देवीचे व्रण तेवढे नकोत," गुरुजी हळूच म्हणाले. "आणि दाढी जरा दाट. जुन्या चिनी पंडितांच्या चित्रांत असते तशी."

चित्रकाराने मान डोलावली. मुलगी म्हणाली, "मग ते तुम्ही कसे, आजोबा? एक केसही चुकायला नको ना?"

"मला शिकवतेस?" गुरुजी कडाडले. "काढ तुझं वेगळं चित्र! पण पसंत पडलं नाही, तर पुन्हा कुंचल्याला हात लावायचा नाही."

बापाने तिला कोपऱ्यात ओढलं. "पोरी, चार ठिपके गाळलेस तर तुझं काय जातं?"

"माझं नाही, बाबा. त्यांचं जातं."

रेशमी कापडावरची दोन्ही चित्रं तयार झाली. निवाड्याला गुरुजींनी आपल्या बायकोला, म्हणजे आजींना बोलावलं. कोणतं कुणाचं, हे त्यांना सांगितलं नाही.

बापाने काढलेल्या चित्रासमोर आजींनी अदबीने मान लववली. "हे पाहुणे कोण? जेवायला थांबणार आहेत का?"

मग त्या मुलीच्या चित्राकडे वळल्या. "अहो, टोपी वाकडी झालीय तुमची!" म्हणत त्यांनी हात पुढे केला, तो रेशमाला लागला. बोटं गालावरच्या व्रणांवर थांबली.

"सासूबाईंना देवी आल्या, तेव्हा सगळं घर पळालं. हे एकटे आईच्या उशाशी बसून राहिले. तिथेच यांना हे व्रण मिळाले. ते पुसायला कोण निघालंय?"

 गुरुजी खो खो हसले. "मीच, दुसरं कोण!"

दालनासाठी व्रणांचं चित्र ठरलं. दुसऱ्या दिवशी मुलगी नेहमीसारखी दाराआड उभी राहिली, तर आतून हाक आली, "आत येऊन बस. तिथून नीट ऐकू येत नसेल."

"येतं की, आजोबा! सगळं येतं," म्हणत ती पहिल्या रांगेत जाऊन बसली.

तात्पर्य: थोरांचा मान राखावा, आणि ते स्वतःचाच शब्द विसरले, तर त्याची त्यांना आठवण करून द्यावी. तोही मानच असतो.