दचकी आणि शिखराचा पिंजरा

फार वर्षांपूर्वी नदीच्या वळणावर एक नगर होतं, आणि त्या नगरात बुरूडआळी म्हणून एक लांबच लांब गल्ली होती. त्या गल्लीत पिंजरे व्हायचे. साधेसुधे नाही हं! बांबूच्या कांब्या अशा तासलेल्या, की गालावरून फिरवल्या तरी कुसळ लागू नये. आणि जोड असे, की खिळा नाही, तार नाही, लोखंडाचा कणसुद्धा नाही. "लोखंड लावतो तो पिंजरा कसला, तो तुरुंग!" असं आळीतली म्हातारी माणसं छाती पुढे काढून सांगायची.

याच आळीत एक बुरूड आणि त्याची तरुण मुलगी राहत. मुलीचं खरं नाव काय होतं कोण जाणे, सगळे तिला दचकीच म्हणत. भांडं पडलं की ती दचकायची, मागून कुणी हाक मारली की दचकायची. एकदा तर स्वतःच्याच शिंकेला दचकली होती. शेजारणी म्हणायच्या, "अगं, हिच्या लग्नात वाजंत्री नको बाई, नवरी मांडवातून पळून जाईल!" दचकीही त्यांच्याबरोबर हसायची. करणार काय बिचारी?

पण एकदा हातात सुरी आली, की तीच मुलगी वेगळी दिसायची. कांब तासताना तिचा हात केसभरही हलायचा नाही. गेली दोन वर्षं बापाचे हात थरथरत होते, म्हणून पिंजरे तीच करत होती. आळीला ते ठाऊक होतं. तिचे आबा मात्र ओट्यावर बसून गिऱ्हाइकाला सांगायचे, "आमच्याकडचा माल आहे, बघून घ्या!" आणि ती आत बसून गालात हसायची.

एके दिवशी राजवाड्याचा कारभारी आळीत आला. पुढे ढोलकरी होता. त्याने ढोलावर थाप मारली आणि दचकीच्या हातातली कांब उडून थेट आबांच्या पागोट्यात रुतली.

"ऐका हो ऐका!" कारभारी म्हणाला. "राणीसरकारांना दर्यापारच्या व्यापाऱ्याने पक्षी नजर केले आहेत. पाच मुनिया, एक पिवळाधमक कॅनरी आणि एक राघू. या सगळ्यांसाठी एकच पिंजरा हवा. गोल, उंच, देवळाच्या शिखरासारखा. वर सोन्याचा मुलामा द्यायचा. राजवाड्याच्या मोठ्या दारात, नगारखान्याखाली तो टांगला जाईल. आठ दिवसांची मुदत आहे. जो हुकमाप्रमाणे करून देईल, त्याला दरबारी शेला!"

आळीत कुजबुज झाली. कारभाऱ्याने उलगडलेलं चित्र पाहून एकेक जण मागे सरला. बांबू इतका वाकवायचा, तोही पाच मजले! मग सगळ्यांच्या नजरा आबांच्या ओट्याकडे वळल्या.

आबा उभे राहिले. "आम्ही करू," ते म्हणाले. दरबारी शेला दारावर लागलेलं आळीतलं पहिलं घर त्यांचं ठरणार होतं. आबांच्या आजोबांनी त्याची वाट पाहिली होती, वडिलांनी पाहिली होती, आणि आबांचे तर आता हातच चालत नव्हते.

"होईल ना गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"होईल की, आबा," दचकी म्हणाली. आणि खरंच तिला ते जमण्यासारखं होतं.

आता या आळीचा एक जुना रिवाज होता. कळक, म्हणजे अख्खा बांबू, फोडायच्या आधी एक अख्खा दिवस पक्ष्यासमोर जाऊन बसायचं आणि नुसतं बघायचं. हल्ली बरेच जण तो पाळत नसत. "पक्ष्यात काय बघायचं? दोन पंख, एक चोच!" म्हणून मोकळे होत. दचकीने मात्र तो कधी मोडला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळीच ती राजवाड्याच्या मागच्या पडवीत जाऊन बसली. पक्षी तिथे तीन वेगवेगळ्या टोपल्यांत ठेवले होते.

आधी तिने मुनियांकडे बघितलं. अंगठ्याएवढ्या त्या पाच जणी, सतत एकमेकींना चिकटून. एक उठली की पाचही उठायच्या, आणि उडायच्या त्या आडव्या. या टोकाहून त्या टोकाला, त्या टोकाहून या टोकाला. वरती कुणी जातच नव्हतं.

कॅनरीची तऱ्हा वेगळी. तो एकटा असला की गळा फुगवून असा गायचा, की पडवी झाडणारी बाईसुद्धा हातातला झाडू थांबवायची. पण मुनियांची टोपली जवळ सरकवली की याचं गाणं बंद. पिसं फुलवून, रुसलेल्या जावयासारखा पाठ करून बसायचा.

आणि राघू? तिने मान पुढे करून टोपलीत डोकावलं, तोच तो कानठळ्या बसेल असा किंचाळला. दचकी तिवईवरून खाली पडली. "अगं बाई!"

"अगं बाई!" राघूने लगेच नक्कल केली. पडवी झाडणारी बाई पोट धरून हसली.

दचकी कपडे झटकत उठली. तिने कमरेची कांब काढून राघूपुढे धरली. पिंजऱ्याला वापरायची तीच, चांगली जाड. राघूने ती चोचीत घेतली, एकदा फिरवली आणि कट्कन दोन तुकडे केले. मग टोपलीच्या फटीतून शेजारच्या मुनियांकडे एक डोळा बारीक करून बघत बसला.

दचकीने ते तुकडे उचलले आणि मुनियांकडे पाहिलं. त्या मुनियांचे पाय कांबीच्या दहाव्या हिश्शाएवढेही नव्हते.

निघताना तिने दोऱ्याला एक हलकं पीस बांधलं आणि मोठ्या दारात, जिथे पिंजरा लागायचा होता तिथे टांगून पाहिलं. पीस गरागरा फिरायला लागलं, इतका वारा. तेवढ्यात वर नगारा वाजला. दचकीचं काळीज हललं आणि तिच्या मनात आलं, मी मोठी मुलगी असून माझी ही गत. त्या अंगठ्याएवढ्या जिवांचं काय होईल?

संध्याकाळी तिने आबांना सगळं सांगितलं.

आबांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "हे बघ पोरी, दरबाराने मागितलं ते द्यावं. पुढे पक्षी जाणोत आणि दरबार जाणो."

"आबा, राघू त्यांचे पाय तोडील."

"मधे पडदी घाल."

"बांबूची? अर्ध्या दिवसात कुरतडील. आणि गोल पिंजऱ्यात मुनियांनी उडायचं कुठे? भोवऱ्यासारखं?"

"अगं, शेला आहे तो!" आबांचा आवाज चढला. "तुला कळतंय का? मी जाईन उद्या-परवा. दारावर तो बघून तरी जाईन!"

दचकी रडायलाच लागली. तिला आबांना दुखवायचं नव्हतं. तो शेला तिलाही हवा होता. शिखराचा तो आराखडा बघून तिची बोटं शिवशिवत होती. इतका अवघड पिंजरा आळीत कुणी केला नव्हता आणि तो तिला येत होता, म्हणून तर नाही म्हणणं जास्त कठीण होतं.

"आबा," ती डोळे पुसत म्हणाली, "पिंजरा सुंदरच होईल. पण आत एक मुनिया मरून पडली, तर दारावरच्या शेल्याकडे बघवेल तुम्हाला?"

आबा उठून आत गेले आणि बाहेर आले ते आपली जुनी सुरी घेऊन. तिच्या पुढ्यात ठेवली. "तुझ्या मनाला पटेल ते कर," म्हणाले, आणि तिच्याकडे न बघता ओट्यावर जाऊन बसले.

दचकीने मुनियांसाठी तीन हात लांब, बुटका पिंजरा केला. दोन टोकांना बसायच्या काड्या, मधली जागा उडायला मोकळी. कॅनरीसाठी चौकोनी, एकट्याचा. राघूसाठी मात्र तिने काहीच केलं नाही. ती आळी ओलांडून पलीकडे लोहाराच्या भट्टीवर गेली.

लोहाराने ऐरणीवर हातोडा हाणला. दचकी दचकली.

"काय गं, वाट चुकलीस?" लोहार म्हणाला. "तुमच्याकडे आमचं लोखंड म्हणजे तुरुंग ना?"

"काका, राघूचं घर मला येत नाही. तुम्हाला येईल. पंख पसरले तर दोन्हीकडे लागू नयेत आणि शेपूट तळाला टेकू नये, एवढं मोठं हवं. मुलामा नको, तो चोचीने खाऊन टाकील."

लोहार तिच्याकडे बघत राहिला. "येत नाही असं म्हणणारं माणूस बुरूडआळीतून पहिल्यांदाच आलं बघ," तो म्हणाला आणि भाता ओढायला लागला.

आठव्या दिवशी दरबार भरला. पक्ष्यांना आत ठेवून तीन पिंजरे राणीपुढे ठेवले. आबा मागे खांबाला टेकून उभे होते.

"हे काय?" कारभारी कडाडला. "शिखर कुठाय?"

"शि... शिखर केलं नाही," दचकी कशीबशी म्हणाली.

कुणीतरी फिदीफिदी हसलं. चोपदाराने दरबार शांत करायला काठी आपटली आणि दचकी जागच्या जागी उडाली. नेमक्या त्याच वेळी मुनियाही उडाल्या. पाचही जणी सरळ आडव्या, थेट दुसऱ्या टोकाला गेल्या, एकमेकींना चिकटल्या आणि शांत झाल्या.

दचकीने ते पाहिलं. तिला एकदम कंठ फुटला.

"बघितलंत, सरकार? घाबरल्यावर त्यांना पळायला जागा लागते. गोल शिखरात त्या कुठे पळाल्या असत्या? आणि नगारखान्याखाली तर दिवसातून दहादा घाबरल्या असत्या. मला विचारा ना, घाबरणं म्हणजे काय ते!"

राणीच्या ओठांवर हसू आलं. "आणि राघू? तो यांच्यात का नको?"

दचकीने बोटाएवढा जाड कळक राघूपुढे धरला. कट्. कट्. कट्. तीन चाव्यांत कळकाचे दोन तुकडे गालिच्यावर पडले. तिने त्यातला एक उचलला आणि मुनियांच्या पायांशेजारी धरून दाखवला.

"पण हा लोखंडी पिंजरा?" कारभाऱ्याने शेवटचं हत्यार काढलं. "बुरूडआळीत लोखंड? लाज नाही वाटत?"

"तो माझा नाही," दचकी म्हणाली. "लोहारकाकांचा आहे. उत्तम झालाय, आमच्या आळीत कुणाला जमला नसता."

राणी उठली. तिन्ही पिंजऱ्यांभोवती फिरली. कॅनरीपाशी थांबली, तेव्हा तो बेधडक गात होता.

"मुली," ती म्हणाली, "शेला हुकूम पाळणाऱ्याला देईन असं मी जाहीर केलं होतं. तू हुकूम पाळला नाहीस. त्यामुळे शेला तुला मिळणार नाही."

दचकीने डोळे मिटले. आबांकडे बघायचा तिला धीर होईना.

"पण कारभारी, लिहून घ्या," राणी पुढे म्हणाली. "या राजवाड्यात यापुढे एखादा पक्षी आणायचा असेल, तर आधी या मुलीला विचारायचं. कुठला आणायचा, कुणाबरोबर ठेवायचा, कुठे टांगायचा, ते ही सांगेल. हिने नको म्हटलं तर पक्षी येणार नाही. मीसुद्धा आणणार नाही."

तेव्हा मागच्या खांबापासून मोठ्याने नाक ओढल्याचा आवाज आला. आबा पागोट्याच्या शेवाने डोळे पुसत होते आणि शेजारच्या भालदाराला, ओळख ना पाळख, सांगत होते, "माझी मुलगी आहे ती. माझी!"

त्या वर्षी मुनियांनी लांब पिंजऱ्यात घरटं केलं आणि तीन पिल्लं वाढवली. राजवाड्याच्या मागच्या पडवीत, जिथे दचकीने पुन्हा पीस टांगून पाहिलं तेव्हा ते हललं नव्हतं, तिथे ते पिंजरे राहिले. बुरूडआळीतले कारागीर कुरकुरत का होईना, पुन्हा पक्ष्यांसमोर दिवसभर बसायला लागले. लोहाराकडेही आळीतून जा-ये सुरू झाली.

दचकी दचकायची ती दचकायचीच, त्यात काही फरक पडला नाही. एकदा एक खवचट गिऱ्हाईक ओट्यावर येऊन म्हणालं, "काय आबा, शेला हुकला म्हणे तुमचा?"

"हुकला," आबा ताठ बसत म्हणाले. "पण भर दरबारात राणीला नाही म्हणून आलेलं माणूस या अख्ख्या नगरात एकच आहे, आणि ते रोज माझ्या पंक्तीला जेवतं. बोला, तुम्हाला कुठला पक्षी ठेवायचाय? नाही, थांबा. आधी तिला विचारू."

तात्पर्य काय, तर ज्याच्यासाठी घर करायचं त्याला आधी नीट बघावं. आणि बघून जे कळलं, ते पाय लटपटत असले तरी मोठ्यांसमोर स्पष्ट सांगावं.