ठकूच्या दारातला फलक

उंबरबन नावाचं एक रान होतं आणि तिथे एका कोंबड्याचं राज्य होतं. तो आरवला की सूर्य उगवतो, हे सगळ्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं, म्हणून त्यालाच निवडून दिलं होतं.

संध्याकाळ झाली की महाराजांना दिसेनासं व्हायचं. जे महाराजांना दिसत नाही ते प्रजेलाही दिसत नसणार, असं मंत्रिमंडळाने ठरवलं आणि रानात दर दहा पावलांवर एक पांढराफेक दिवा लावला. उद्घाटनाला महाराज म्हणाले, "आजपासून या रानातला अंधार कायमचा संपला!" मांडवाच्या छतावरची पाल चुकचुकली. पाल चुकचुकली की बोललेलं खरं, अशी तिथली समजूत असल्यामुळे पालीला दिवेखात्याची अधिकारी नेमलं होतं. दिव्यांभोवती किडे फार जमत. योजना यशस्वी असल्याचा अहवाल पालीने महिन्याभरात दिला, तेव्हा तिचं वजन दुप्पट झालं होतं.

एक दिवा ठकू पिंगळीच्या ढोलीसमोर आला. त्याच आठवड्यात ठकूचे वडील वारले.

पिंगळ्यांत, म्हणजे छोट्या घुबडांत, एक चाल आहे. घरातलं कुणी गेलं की थोरल्या लेकराने मिट्ट काळोखात ढोलीच्या तोंडाशी बसायचं आणि गेलेल्याची साद, अगदी त्याच्या ढंगात, तीनदा घालायची. ओढ्यापलीकडून कुणी ओ दिली, की तो सुखरूप पोचला असं समजायचं. उजेडात घातलेल्या सादेला पिंगळे ओ देत नाहीत. ती भांडणाची हाक असते. ठकूचे वडील साद घालताना मध्येच खाकरायचे. ते खाकरणंसुद्धा तिने बसवून ठेवलं होतं. सोळा दिवस झाले, काळोख मिळाला नव्हता.

"अर्ज कर," शेजारचे वटवाघूळकाका म्हणाले. "मी केला होता. उत्तर आलं, तुम्ही उलटे लटकता म्हणून दिवा डोळ्यांत जातो, सरळ व्हा."

तक्रारींची वेळ दुपारी बारा ते दोन. ठकू डोळे मिटूनच गेली आणि टेबलावर आपटली.

"तक्रार काय?" पालीने विचारलं.

"उजेड फार आहे."

"बाई, ही तक्रार नाही, ही कामगिरी आहे. अर्जात दोनच रकाने आहेत: 'उजेड कमी आहे' आणि 'उजेड फारच कमी आहे'. कुठे खूण करू?"

"मला एक अंधारी रात्र हवीय. वडील गेले माझे."

"कुठे?"

"वारले."

"मग त्यांना तरी उजेडाचा त्रास नाही ना? असं चांगलं बघायला शिका."

ठकू वळली. दाराकडे निघाली आणि या खेपेला महाराजांवर आपटली. महाराजांनी चौकशी केली. निवडणूक जवळ आली होती, त्यामुळे त्यांचे डोळे लगेच भरून आले.

"पोरी, तुझं दुःख ते माझं दुःख! उद्याच्या उद्या हिच्या दारात श्रद्धांजलीचा फलक लागला पाहिजे!"

फलक लागला. सागाची तीनशे पानं शिवून केलेला, दिवा आणि ढोली यांच्या बरोबर मधोमध, तोंड रस्त्याकडे. त्यावर तुऱ्यासकट महाराजांचा चेहरा होता. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. कोपऱ्यात उंबराएवढं वडिलांचं चित्र, तेही चुकून कुठल्याशा होला पक्ष्याचं. ठकूला इतका राग आला की रात्र होताच फलक फाडायलाच ती मागच्या बाजूने गेली.

मागे मिट्ट काळोख होता.

ती वळली. ढोलीच्या तोंडाशी बसली. तीनदा साद घातली, मध्ये खाकरली. ओढ्यापलीकडून कुणीतरी म्हाताऱ्या आवाजात ओ दिली. ठकूने पंखात तोंड खुपसलं.

"अगं, काय झकास काळोख आहे गं इथे!" वटवाघूळकाका फांदीवरून म्हणाले. "पण माझ्या घरी कुणी मेलं नाही. मी काय सांगू त्यांना?"

"वाढदिवसाचा लावून मागा," ठकू म्हणाली.

"कुणाच्या?"

"महाराजांच्या. नाही म्हणणार नाहीत."

काकांच्या दारात वाढदिवस लागला. साळिंदराने महाराजांचं अभिनंदन लावलं. कशाबद्दल ते कुणी विचारलं नाही. उदमांजराने नुसतेच 'आभार' लावले. पावसाळा संपेपर्यंत दारोदार महाराज झाले आणि सगळं उंबरबन त्यांच्यामागे शांत झोपू-जागू लागलं. तक्रारखिडकीवर कुणी फिरकेना.

पालीने फलक मोजले आणि महाराजांची लोकप्रियता जाहीर केली. एवढ्या प्रेमापुढे मतदान घेणं बरं दिसणार नाही, म्हणून महाराज बिनविरोध निवडून आले. आभारसभेत त्यांनी विचारलं, "सांगा, तुमच्यासाठी आणखी काय करू?"

रहिवाशांची एकच मागणी होती: पुढच्या वेळी चेहरा याहून मोठा काढावा.