ठकूबाईनं झाकण लपवलं

एक होती म्हातारी. आज राजा नाही बरं का गोष्टीत. राजे रोजच असतात, आज त्यांना सुट्टी. म्हातारीचं नाव ठकूबाई. पदराला सदा दोन पुड्या बांधलेल्या, एक हळदीची, एक कुंकवाची. आणि पोटात नुसत्या खोड्या.

एकदा काय झालं, ठकूबाईची नात केतकी नोकरीला जपानात गेली. गाव कुठलं? मोरिओका. हसू नकोस रे नंदू, मोरी नाही, मोरिओका! फार जुनं गाव. मग केतकीनं आजीला बोलावून घेतलं. विमान कसं असतं ते मला विचारू नका. ठकूबाई बसली नि उतरली, झालं.

सकाळी केतकी म्हणाली, "आज्जी, चल, तुला गाव दाखवते. पण कशाला हात लावायचा नाही हं."

"मी गं कशाला लावतेय?"

आता तुम्हीच सांगा, लावणार की नाही?

मग आधी बघितला किल्ला. वाडा नाही, तोफ नाही, नुसते दगडी तट. "झाडलोट मात्र छान आहे," ठकूबाई म्हणाली. मग बघितलं एक झाड. थोरला धोंडा, मधोमध चिरलेला, आणि त्या चिरेतून झाड वर आलेलं, गुलाबी फुलांनी भरलेलं. ठकूबाईनं धोंड्याला विचारलं, "दुखलं का रे बाबा?" मग गेल्या एका देवळात. तिथं हत्तीएवढाले तीन धोंडे. आणि एका धोंड्यावर हाताचा पंजा उमटलेला.

आपल्याकडं दगडावर असा पंजा दिसला की बायका काय करतात? हळदकुंकू वाहतात. केतकी तिकडं देवापुढं घंटा वाजवत होती. तेवढ्यात ठकूबाईनं पुड्या सोडल्या. हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. "आई, तू जी कोण असशील ती, ये हो आज जेवायला."

आई कुठली! तो पंजा राक्षसाचा होता!

फार पूर्वी या राक्षसानं गावाला छळ छळ छळलं. मग देवानं त्याला धोंड्याला बांधला. राक्षसानं धोंड्यावर पंजा उठवून वचन दिलं, कुणी जेवायला बोलावल्याशिवाय मी गावात येणार नाही. आणि धोंड्याच्या आत जाऊन निजला. आता राक्षसाला कोण बोलावतंय? बोलावलं आपल्या ठकूबाईनं. तेही हळदकुंकू लावून!

धोंडा हलला. आतून राक्षस निघाला. निळा, केसाळ, दोन शिंगं, तळहाताला कुंकू. तिथली माणसं फार सभ्य. आधी वाकून नमस्कार केला, मग पळाली.

राक्षस म्हणाला, "आलो जेवायला. दिवस मावळेपर्यंत पोट भरलं तर माघारी जातो. नाही भरलं तर गावातच राहतो. आणि पहिली ही पोरगी खातो."

राक्षसाची बोली ठकूबाईला कशी कळली? मधे बोलायचं नाही.

केतकी रडकुंडीला आली. "आज्जी, काय करून ठेवलंस!"

"अगं, पाहुणा आहे. रडतेस काय? जेवायला घालू."

मग पहिल्या दुकानात गेले. तिथं तिळाच्या कुरकुरीत चकत्या. राक्षसानं डब्यासकट गिळल्या. "भूक!" म्हणाला. मग दुसऱ्या दुकानात गेले. तिथं जाड शेवया, वर काळपट चटणी, वर काकडी. राक्षसानं पातेली तोंडाला लावली. "भूक!" सूर्य डोंगराकडं कलायला लागला.

मग गेले तिसऱ्या ठिकाणी. केतकी आजीच्या कानात म्हणाली, "इथं वाटी एवढीशी असते. वाटीत घासभर शेवया. खाल्ल्या की वाढणारी बाई लगेच दुसरा घास टाकते. आपण वाटीवर झाकण ठेवलं, तरच ती थांबते."

"असं होय?" ठकूबाईचे डोळे चमकले. ती राक्षसाला खेटून बसली. आणि गुपचूप, कुणाला दिसू न देता, त्याचं झाकण पदराखाली घेतलं.

राक्षस खायला लागला. वाटी रिकामी, की आला घास. वाटी रिकामी, की आला घास. एरवी तो गिळायचा ना, म्हणून पोटाला पत्ताच लागत नसे. घास घास खाल्लं की पोटाला कळतं. कळलं का चिमे? तूही गिळतेस.

मग राक्षसाचं पोट टम्म झालं. पण लबाड कसला! त्याला गावातच राहायचं होतं. तो मनात म्हणाला, झाकण ठेवू, गप्प बसू, आणि दिवस मावळला की म्हणू, भूक! झाकण बघायला गेला, तर झाकणच नाही. पाटाखाली बघितलं, शिंगांत चाचपलं. नाही! मग त्यानं वाटी तशीच भरलेली ठेवली.

ठकूबाईनं डोळे वटारले. "आमच्यात पानात टाकत नाहीत. संपव मुकाट्यानं! माझ्या गळ्याची शपथ."

राक्षसाला आजवर कुणी शपथ घातली नव्हती. बिचाऱ्यानं खाल्लं. वाटी रिकामी झाली. आला घास!

"संपव."

आला घास!

सूर्य डोंगराला टेकला, आणि राक्षस ओरडला, "भरलं! भरलं गं म्हातारे! पोट भरलं!"

"मग आधी नाही का सांगायचं?" ठकूबाईनं पदराखालून झाकण काढलं आणि वाटीवर ठेवलं. टक्!

राक्षस उठला. दारात थांबला, पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरत म्हणाला, "शेजारी बसून मला कुणी वाढलं नव्हतं."

"बरं बरं. जा आता, नीज."

मग तो धोंड्यात जाऊन निजला. ढेकर दिला तो एवढा, की झाडाची फुलं गावभर उडाली.

केतकीनं आजीच्या पदरातून हळदीची पुडी काढून घेतली. आणि कुंकवाची? ती ठकूबाईनं आधीच चोळीत खोचली होती. मग केतकी गावात सुखानं राहिली, गावही सुखानं राहिलं.

आणि आता तुम्ही. ठेवा पाहू डोळ्यांवर झाकण. उघडे दिसले, तर मी वाढलीच आणखी एक गोष्ट. काय रे नंदू? झाकण सापडत नाही? हा घे माझा पदर. ओढला तोंडावर. टक्! निजा.