हवेवर भाजलेला गाजर हलवा

एकदा एका मठात एक म्हातारा आचारी होता. मठ नदीच्या वळणावर, आन् आचारी मठाच्या मागच्या पडवीत, चुलीपुढं. सगळे त्याला तात्या म्हणायचे. मठाच्या मूळ महाराजांची पुण्यतिथी पौषात यायची, आन् त्या दिवशी नैवेद्य गाजराच्या हलव्याचा. पोथीत त्याला मोठं कारण लिहिलंय म्हणतात. मला पोथी वाचता येत नाही, पण पौषात गाजरं स्वस्त असतात एवढं कळतं.

तात्याच्या हाताखाली हरबा नावाचा एक शिष्य होता. शिष्य म्हणजे कोवळा पोरगा समजू नका. चाळिशीला टेकलेला, मिशीत चांदी आलेला बाप्या. बारा वर्षं गाजरं किसून किसून त्याच्या बोटांची टोकं अशी गुळगुळीत झालेली, की रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा उमटायचा नाही. दुकानदार म्हणायचा, "हरबा, तू माणूस हाईस का भूत?"

या हरबाला जगात एकच गोष्ट पाहिजे होती. ती चूल. तात्यानं उठावं आन् आपण बसावं, बास. मन वाईट नव्हतं त्याचं. तात्याचे पाय चेपायचा, तात्याला हाताला धरून नदीवर न्यायचा. पण रोज सकाळी तात्या ठणठणीत उठून बसला की हरबाच्या तोंडावर जे उमटायचं, ते देवानंच बघावं.

मठाचा एक जुना नेम होता. नैवेद्य दाखवायच्या आधी आचाऱ्यानं चाखायचं नाही. जीभ लागली की उष्टं. आन् आचाऱ्यानं जेवायचंही सगळ्यांच्या शेवटी. तवा गोड किती, कच्चं किती, हे समदं नाकानं ठरवायचं. तात्यानं हरबाला शिकवलं होतं ते असं: "गाजराला आधी मातीचा वास येतो. मग ओल्या गवताचा. मग लग्नघरावानी वास सुटतो, तवा साखर घालायची. त्याच्या आधी घातलीस तर गाजर रुसतं, शिजतच न्हाई. आन् तिथनं पुढं कढईला पाठ दावायची न्हाई, बापाची हाक आली तरी."

एका साली पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी शेटजी आले. मठाच्या पत्र्यापासून घंटेपर्यंत समदं शेटजींच्या देणगीचं, म्हणून ते आले की देवसुद्धा जरा सरकून बसायचा. त्यांच्या माणसानं एक मोठं खोकं आणून पडवीत ठेवलं. आतनं काळं, चकचकीत, पोट सुटल्यासारखं यंत्र निघालं.

"तात्या, हा एअर फ्रायर," शेटजी म्हणाले. "सूनबाईंनी मागवला. धूर नाही, ढवळणं नाही. नुसत्या गरम हवेवर शिजतं."

"हवेवर?"

"हवेवर."

"आमच्या मठात लई जण हवेवर जगत्यात शेटजी, पण हवेवर शिजताना कुणी बघितलं न्हाई."

पुजारी खोकले. शेटजी हसले, पण दातापुरतेच. म्हणाले, "यंदा नैवेद्य यातलाच. आणि पहिल्या पंगतीलाही तोच हलवा. आपली सगळी मोठी माणसं असतात, फोटो काढायचेत. गावाला लापशी चालेल."

सगळ्यांना वाटलं म्हातारा आता उलथणं फेकून मारतोय. पण तात्या म्हणाला, "हरबा करंल. माझं वय कढईचं."

शेटजींना काय, हात कुणाचे का असेनात. ते म्हणाले, "उत्तम! आणि हरबानं जमवलं, तर पुढच्या सालापासून स्वयंपाकघर हरबाकडे. काय तात्या?"

"पंगत म्हणंल तसं," तात्या म्हणाला.

हरबाला त्या रात्री झोप लागली असंल का, तुम्हीच सांगा.

सकाळी आधी यंत्राची पूजा झाली. हळद-कुंकू, नारळ, आन् शेटजींनी आणलेल्या मोगऱ्याच्या उदबत्त्यांचा अख्खा जुडगा. हरबानं बारा वर्षं जसा किसला तसा गाजराचा केसासारखा कीस काढला, तुपाचा हात लावला आन् यंत्राच्या खणात भरला. इथंच गडी चुकला. कढईला बारीक कीस लागतो. या यंत्राच्या पोटात वरनं पंखा फिरतो आन् पंख्याखाली लाल तार तापलेली असते. कीस हलका, वाऱ्यानं उडाला, तारेला चिकटला, काळा झाला आन् परत खाली पडला. खण बंद. बघणार कोण? हरबाला तर शेटजींनी बाहेर उभं केलं होतं, फोटोला. एकदा टोपी घालून, एकदा बिनटोपीचा, एकदा यंत्राच्या रिकाम्या खोक्यावर हात ठेवून.

यंत्राची घंटी वाजली. हरबानं खण ओढला. कीस तांबडाकाळा दिसला. तो म्हणाला, "बघा तात्या, काय रंग चढलाय!"

असे सहा घाणे काढले. मग दुधात आटवलेला खवा, साखर, वेलदोडा घालून सगळं एक केलं. हरबानं पातेल्यावर नाक नेलं. मोगरा आन् वेलदोडा, दोन्ही असे घमघमत होते की गाजराचा पत्ताच नाही. मनाला जरा टोचलं त्याच्या. म्हणाला, "तात्या, एकदा वास बघता का?"

तात्या वाकला. लांब श्वास घेतला. म्हणाला, "तुझं नाक सांगंल ते खरं."

नैवेद्य झाला. देव काही बोलला नाही. त्याची तशी रीतच आहे.

पहिली पंगत बसली, बावीस माणसांची. शेटजींनी पहिला घास घेतला. त्यांच्या भुवया वर गेल्या आन् तिथंच राहिल्या. सगळी पंगत त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"वा!" शेटजी म्हणाले. "अमृत!"

मग काय, सरपंच म्हणाले अमृत. पुजारी म्हणाले, "वा वा, कढईत ही चव नाही!" ते मात्र खरंच बोलले. शेटजींच्या सूनबाई म्हणाल्या, "काहीतरी वेगळंच लागतंय ना?" बावीस तोंडं, बावीस वेळा वा. एक तर प्रसाद, त्यात यंत्र शेटजींचं. हरबा भिंतीला टेकून उभा होता, तो प्रत्येक 'वा'बरोबर बोटभर उंच व्हायला लागला.

आन् मग तात्यानं एक गोष्ट केली. हलव्याचं पातेलं स्वतः उचललं आन् हरबाला म्हणाला, "पाण्याची घागर घे. माझ्या मागं ये."

पहिल्यांदा शेटजी. "अमृत म्हणालात न्हवं? घ्या अजून."

"नको नको तात्या, शुगर आहे."

"प्रसादाला कसली शुगर? महाराज काय म्हणतील?" धपकन एक डाव पानात.

सरपंच दोन्ही हात पानावर आडवे धरून बसले, तर तात्या म्हणाला, "हात काढा, न्हाई तर हातावर वाढीन." पुजाऱ्यांना दोन डाव, कारण ते दोनदा वा म्हणाले होते. सूनबाई म्हणाल्या, "आजोबा, पोट भरलं हो!" तात्या म्हणाला, "बाय माझी, अमृताला पोट नसतं बघायचं." असं करत बावीसच्या बावीस पानांवर दुसरी वाढ झाली. लोकांनी ती गिळली, डोळ्यांत पाणी आणून गिळली, आन् वर हरबाकडं बघून माना डोलावल्या. हरबा पाणी वाढत होता. घागर संपली, दुसरी आणली, तीही संपली. त्याच्या मनात आलं, म्हातारा जळतोय माझ्यावर. माझं कौतुक झालं म्हणून लोकांना छळतोय.

सगळे गेले. गावाची पंगतही उठली. तवा पडवीत दोघं जेवायला बसले. हरबानं मोठ्या ऐटीत हलव्याचा घास तोंडात टाकला.

कडू. करपल्या गाजराचा कडू फार वाईट, बघा. कारल्याचा जिभेवर राहतो, हा घशात जाऊन बसतो. हरबा उठून बाहेर जाऊन थुंकला, तोंड खळखळून आला, पुन्हा थुंकला. मग तात्यासमोर मटकन बसला.

"तात्या, हे तर जहर हाय. समदे अमृत म्हणले की ओ!"

"म्हणले."

"तुम्ही वास घेतला व्हता. कळलं असंल तुम्हाला. मला बोलला का न्हाई?"

"मला वास येत न्हाई, हरबा."

हरबा बघतच राहिला. तात्या आपल्या पानातला तोच हलवा सावकाश खात होता, गूळपोळी खावी तसा.

"तीन सालामागं ताप आला न्हवता का, तवा नाक गेलं. जीभ बी गेली. साखर आन् वाळू मला एकच."

"मग हे बिघडलंय हे कसं कळलं?"

"पाण्यावरनं. गोड आवडलं तर माणूस पाणी पीत न्हाई, चव तोंडात ठिवतो. वा म्हणून जो लगीच तांब्या शोधतो त्याचं वा खोटं. ज्या साली नाक गेलं त्या साली पंगतीत घागर आटली, तवा मला माझ्या हलव्याचा संशय आला. पण संशयच. आज म्हटलं, दुसऱ्यांदा वाढून बघू, कुणी तरी म्हणंल की तात्या पुरे, कडू हाय. बावीस माणसं, हरबा. चव असलेली बावीस."

हरबा यंत्राकडं बघून म्हणाला, "या काळ्या तोंडाच्यानं घात केला माझा."

"त्याला नाव ठिवू नको. ते मागच्या भोकातनं करपल्याचा वास सोडत व्हतं बिचारं. आपणच त्याच्यापुढं उदबत्त्या लावल्या." तात्यानं पान बाजूला सारलं. "पहिल्या सालीच मी मनाशी ठरवलं. जो कोण मला म्हणंल, तात्या तुमचा हलवा करपला, त्याच दिवशी चूल त्याच्या हाती द्यायची आन् उठायचं. आचाऱ्याला नाक पाहिजे आन् ते खरं बोलणारं पाहिजे. शेटजीला विचारलं, पुजाऱ्याला विचारलं, दोघंबी वा म्हणले. ते राहू दे. सगळ्यांच्या शेवटी इथं जेवायला कोण बसायचं?"

हरबानं समोरच्या दोन पानांकडं बघितलं.

"आपण दोघंच. एकाच कढईतला घास. दर साली तुला विचारलं, हरबा, कसा झालाय? काय म्हणालास?"

"वा म्हणालो, तात्या."

"का?"

"तुम्हाला राग आला असता. चूल दुसऱ्याला दिली असती."

तात्या हसला. हसता हसता त्याला ठसका लागला, तो लवकर थांबेना. मग डोळे पुसून म्हणाला, "आज विचारतो. माझा हलवा कसा व्हायचा?"

हरबानं खाली मान घातली. "करपायचा. तुम्ही ढवळत असायचा आन् मला इथं वास यायचा. पहिल्या साली जरा, मग लई. गेल्या साली मी माझा द्रोण गाईपुढं टाकला."

"आन् गाय?"

"हुंगून मागं सरली."

"एवढ्या मठात ती एकटी खरं बोलली म्हणायची." तात्या म्हणाला, "तिला हात न्हाईत, म्हणून तुला देतो." तो गुडघ्यावर हात ठेवून उठला, खुंटीवरचं उलथणं काढून हरबाच्या मांडीवर ठेवलं आन् काठी टेकत नदीकडं निघून गेला. हरबा त्याला हाताला धरायला उठला, तर म्हातारा म्हणाला, "बस. तुझी जागा हाय ती."

त्यानंतर तात्या पडवीत आला नाही. पुढचा पौष त्यानं बघितला नाही.

यंत्राचं म्हणाल तर ते पुजाऱ्यांनी आपल्या खोलीत नेलं. त्यात पापड झकास होतात म्हणे.

हरबा चुलीपुढं बसला. ज्या जागेसाठी बारा वर्षं गिळलं ती जागा. गाजर किसायला त्यानं पलीकडच्या आळीतली भागीरथी नावाची बाई ठेवली. कामाला वाघीण, आन् दर घडीला चुलीकडं बघायची. महाराजांच्या पुण्यतिथीला अजून आठ दिवस होते. हात बसावा म्हणून हरबानं थोडा हलवा करून बघायला घेतला. नैवेद्याचा नव्हता, चाखायला हरकत नव्हती. किसाला ओल्या गवताचा वास येत होता, तवा त्यानं कढईतनं एक चमचा काढला, फुंकर घातली आन् तिच्या हातावर ठेवला.

"भागीरथीबाई, खरं सांगा. कसा झालाय?"

तिनं खाल्ला. डोळे मिटले. "वा, हरबादादा! काय ग्वाड झालाय! तात्यांची आठवण झाली."

साखर अजून डब्यातच होती.

हरबानं बघितलं, तिचे डोळे परत चुलीकडं गेले होते. तिला काय पाहिजे होतं, ते गावात त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तो उलथणं धरून तसाच बसून राहिला. ज्याच्या हातात उलथणं, त्याला सगळे गोडच सांगतात.