स्ट्रॉबेरीला आली दाढी!

स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात एक नाकतोडा राहायचा. हिरवा हिरवा. एवढासा!

सगुणाकाकूंनी त्याला दोन स्ट्रॉबेऱ्या दिल्या होत्या. "या दोन तुझ्या हं. बाकीच्यांना तोंड लावायचं नाही!"

सकाळी बघतो तर काय? एका स्ट्रॉबेरीला दाढी! राखाडी, मऊ मऊ, बुरशीची दाढी! ती स्ट्रॉबेरी गेली वाया.

दुसरी तिच्या शेजारीच होती. लाल लाल, पण ओली ओली. ओल्या स्ट्रॉबेरीला दाढी पटकन येते.

"ही तरी वाचायला हवी!"

टुणुक टुणुक! नाकतोडा गेला वाऱ्याकडे.

"वारेदादा, वारेदादा, फुंकर घाला. स्ट्रॉबेरी सुकेना!"

वारा म्हणाला, "मी नाही येणार जा! जुन्या पानांची केवढी दाटी! माझं पोट अडकतं. काकूंनी पानं खुडली, तरच येईन."

टुणुक टुणुक! काकू बांधावर बसल्या होत्या.

"काकू, काकू, पानं खुडा. वारा येईना, स्ट्रॉबेरी सुकेना!"

काकू म्हणाल्या, "कशी उठू रे बाळा? शेळी बसलीय माझ्या पदरावर. ती हलली, तरच उठेन."

टुणुक टुणुक! नाकतोडा गेला शेळीपुढे.

"शेळीबाई, शेळीबाई, हला ना. काकू उठेना, वारा येईना, स्ट्रॉबेरी सुकेना!"

शेळी म्हणाली, "मी नाही हलणार जा! सगळीकडे चिखल. मी आत्ताच पाय धुतलेत. कोरडा पेंढा पसरला, तरच हलेन."

टुणुक टुणुक! नाकतोडा गेला पेंढ्याकडे.

"पेंढेमामा, पेंढेमामा, पसरा ना. शेळी हलेना, काकू उठेना, वारा येईना, स्ट्रॉबेरी सुकेना!"

पेंढा म्हणाला, "मी नाही पसरणार जा! माझ्या डोक्यावर कोंबडी बसलीय. ती उडाली, तरच पसरेन."

नाकतोड्याने वर पाहिलं. बापरे! कोंबड्या तर नाकतोडे खातात! पण स्ट्रॉबेरी ओली होती.

टुणुक... टुणुक...

"कोंबडीताई, कोंबडीताई, उडा ना. पेंढा पसरेना, शेळी हलेना, काकू उठेना, वारा येईना, स्ट्रॉबेरी सुकेना!"

कोंबडी म्हणाली, "मी नाही उडणार जा! माझी शिंक अडकलीय. कालपासून अडकलीय. धड उडता येत नाही, धड तुला खाता येत नाही. शिंक आली, तरच उडेन."

नाकतोड्याने डोळे मिटले. आपली लांब मिशी पुढे केली. कोंबडीच्या नाकात गुदगुल्या केल्या. गुदु गुदु गुदु!

आ... आ... आऽऽक् छीऽऽ!

कोंबडी उडाली, फडफड फडफड! थेट छपरावर!

पेंढा पसरला, सर्र सर्र! चिखलावर पेंढा. स्ट्रॉबेरीखाली पेंढा.

शेळी हलली, ठुमक ठुमक!

काकू उठल्या. जुनी पानं खुडली, खुट् खुट्! दाढीवाली स्ट्रॉबेरी उचलली आणि लांब खड्ड्यात पुरली.

वारा आला, सूं सूं!

स्ट्रॉबेरी सुकली! लाल लाल, कोरडी कोरडी. दाढी नाही, काही नाही!

कोंबडी छपरावरून ओरडली, "शिंक गेली! आता मला भूक लागली!"

"खबरदार!" काकू म्हणाल्या. "हे घे तुला दाणे. आणि बाळा, स्ट्रॉबेरी तुझी. खा पटपट!"

कचक! कचक! गोऽऽड!

स्ट्रॉबेरी संपली, गोष्ट थांबली. आता बोटं चाटा!