नखं घासायची पट्टी

"अजून कुठं खरखरतंय, मास्तर? दाखवा ना!"

फ्लोरीनं साखरेची लिली इनास मास्तरांच्या नाकासमोर धरली. सकाळपासूनची ही सहावी.

मास्तरांनी फूल घेतलं. पाकळीची कड मनगटाच्या आतल्या बाजूवरून हलकेच फिरवली. कड डोळ्याला फसवते, मनगटाला नाही, असं त्यांचं जुनं म्हणणं.

"झालं. ठेव खाली."

"पण या टोकाला जरासं..."

"झालं म्हटलं ना."

फ्लोरी कसली ठेवतेय! पट्टी उचलली आणि त्या टोकाला आणखी दोनदा फिरवलीच.

गिरीजला मास्तरांचं केकचं दुकान. तीस वर्षं बोटीवर केक केलेला माणूस, पण बोलायला असा चिक्कू की गिऱ्हाईकाला 'या' म्हणतानाही हिशेब करील. फ्लोरी लोपीस त्यांच्या हाताखाली चार वर्षं होती. तिच्यासारखा स्वच्छ हात साऱ्या वसईत नव्हता. हे लोक म्हणत, आणि लोक विसरले तर ती स्वतः आठवण करून देई.

साखर आणि डिंक मळून शुगरपेस्ट करायची, पापडासारखी पातळ लाटायची, पाकळ्या कापायच्या, फूल जोडून पाच दिवस वाळू द्यायचं. वाळलं की ते बशीसारखं टणक होतं आणि कापलेल्या कडांना बारीक दाते राहतात. ते घासायला मास्तरांकडे खास वेगळी ठेवलेली, नखं घासायची कोरी पट्टी असे. पहिल्या दिवशी त्यांनी एवढंच शिकवलं होतं, "पाकळीच्या मागं बोट ठेव. पाठीला कुणी नसलं की ती तुटते."

आज सकाळी मात्र त्यांनी एक वाटी पुढं सरकवली होती.

"भुकटी यात पाड. सांडू नकोस."

चिमूटभर साखरेचा केवढा तो लोभ, असं फ्लोरीच्या मनात आलं. तिनं वाटी जवळ ओढली.

"केक कधी निघणार?" मास्तरांनी विचारलं.

"दोनला पावलू टेम्पो घेऊन येईल. नंदाखालच्या हॉलवर पोचवेल."

"आणि तू?"

"मी कशाला? केक पोचल्याशी मतलब."

मास्तरांनी तिच्याकडं रोखून बघितलं.

"असं काय बघता, मास्तर?"

"लग्न कुणाचं आहे?"

"तुम्हाला ठाऊक नाही होय!"

"तुझ्या तोंडून ऐकू दे."

फ्लोरीनं पट्टी खाली ठेवली. "मेलिताचं," ती म्हणाली.

मेलिता तिची पाठची बहीण. आठ महिन्यांपूर्वी तिनं आपल्या पसंतीचा मुलगा घरी जेवायला आणला. स्टॅनी. गॅरेज चालवणारा, हसतमुख, लाजरा. तो पावाला हात घालणार, एवढ्यात फ्लोरीची नजर त्याच्या नखांवर गेली. नखांत ग्रीसची काळी रेघ होती. घासून घासून हात धुतले तरी ती जात नाही, हे गॅरेजवाल्याच्या घरात पोराटोरांनाही ठाऊक असतं.

"आधी नखं घासून ये," फ्लोरी सगळ्यांदेखत म्हणाली, "मग पावाला हात लाव."

स्टॅनीनं हात मागं घेतला आणि मांडीवर ठेवला. मेलिता भरल्या ताटावरून उठली, ती मावशीकडे गेली ती गेलीच. तेव्हापासून दोघी बहिणींत चकार शब्द नाही. मागच्या महिन्यात मावशीनं निरोप आणला, "मेलिता म्हणते, केक फ्लोरीबायनंच करायचा. तीन मजली. वर सात लिली."

बस, एवढाच निरोप.

फ्लोरीनं त्याचा अर्थ आपल्यापुरता लावला. करून दाखव म्हणतेय. बरं तर! बोट ठेवायला जागा मिळणार नाही, असा केक करीन. आणि केला होता तसा. तिन्ही मजले दुधासारखे पांढरे, कुठं सुरकुती म्हणून नाही.

तिनं सातवी लिली घेतली. ही सगळ्यात वर बसायची, म्हणून मुद्दाम शेवटी ठेवलेली. घासली. भुकटी वाटीत झटकली.

"झाली?"

मास्तर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर एक कोंबडी केळीखाली माती उकरत होती.

"मास्तर, झाली का?"

"..."

सहा वेळा 'झालं' म्हणणारा माणूस सातव्यांदा गप्प, म्हणजे नक्कीच खोट दिसली असणार! फ्लोरीनं फूल उजेडाकडं धरलं. एका पाकळीला तिला काहीतरी दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं. तिनं पट्टी फिरवली. पुन्हा फिरवली. पाकळी कागदासारखी झाली.

"आता?"

"..."

आणखी एकदा. घाईत मागचं बोट कधी सरकलं, तिचं तिलाही कळलं नाही.

कट्...

अर्धी पाकळी टेबलावर पडली होती.

"अरे देवा!" फ्लोरी ओरडली. "मास्तर, तुम्ही बोलला का नाहीत?"

"सहा वेळा बोललो."

तिनं पट्टी भिरकावून दिली. "बारा वाजलेत! दुसरी वाळायला पाच दिवस हवेत. आणि तिनं सात सांगितल्यात, सात!"

"सहा लाव."

"नाही लावणार! मोजेल ती." आणि तिला रडूच फुटलं. "मला वाटलं होतं, मास्तर, एकसुद्धा कड राहिली नाही ना, तर ती काही बोलणार नाही..."

"काय बोलेल?"

"मी स्टॅनीला जे बोलले, तेच..." तिनं मनगटानं डोळे पुसले. "त्याचा हात दिसतो मला. मांडीवर ठेवलेला. रोज दिसतो."

मास्तरांनी तिला रडू दिलं. मग म्हणाले, "वाटी आण."

त्यांनी एक अंडं फोडलं. काडीच्या टोकानं पांढऱ्याचा एक थेंब वाटीतल्या भुकटीत सोडला.

"घोट."

"ही तर मी घासून टाकलेली..."

"दुसरी साखर घेतलीस तर डाग दिसेल. हिला हिच्याच अंगची लागते."

फ्लोरीनं घोटली. वाटीत लोण्यासारखा चिकट गोळा झाला, लिलीच्याच रंगाचा. तिनं तो तुटलेल्या कडेला लावला, पाकळीचा तुकडा जोडला आणि मागं बोट दिलं. जोड दिसत होता, अगदी केसाएवढा. पण पाकळी उभी राहिली.

"किती वेळ धरू?"

"चार तास."

"चार तास! दोनला टेम्पो येतोय."

"येऊ दे."

"मग डब्यात कशी घालू?"

"आडवी केलीस की गळेल."

"मग तुम्ही धरा ना..."

मास्तरांनी नुसता हात पुढं केला. तो थरथरत होता. दोन वर्षं झाली, फुलं ते स्वतः करत नव्हते, हे फ्लोरीला ठाऊक होतं. ती ओशाळली.

"पावलू धरेल," ती चाचरत म्हणाली.

"आणि टेम्पो कोण हाकेल? मी?"

फ्लोरीला हसू आलं आणि लगेच पुन्हा रडू आलं. खुर्चीत बसून ती फूल धरून राहिली. एक वाजला. दीड वाजला. मास्तरांनी सहा लिली एकेक करून कापूस घातलेल्या डब्यात ठेवल्या. हात थरथरत होता, म्हणून प्रत्येकीला भरपूर वेळ दिला.

दाराशी हॉर्न वाजला. पावलूनं केकचे तिन्ही मजले गाडीत चढवले, सहा फुलांचा डबा चढवला आणि दारात येऊन उभा राहिला.

"झालं का सगळं?"

फ्लोरी बसल्या जागी लिलीकडं बघत होती.

"तिनं तोंड फिरवलं तर, मास्तर?"

"फूल वर बसेपर्यंत तिला थांबावंच लागेल."

"काय म्हणू तिला?"

मास्तरांनी मानेनंच दाराकडं खूण केली.

फ्लोरी उठली. एका हातात लिली, दुसऱ्या हाताचं बोट पाकळीमागं. दारापर्यंत गेली आणि तिचं लक्ष स्वतःच्या बोटांकडं गेलं. सकाळपासूनची भुकटी अंड्याच्या पांढऱ्यात भिजून नखांत घट्ट वाळली होती. दहाही नखांखाली पांढऱ्या रेघा.

"अगंबाई! मास्तर, एक मिनिट धरा कुणीतरी. पावलू, धर रे! हात तरी घासून धुते. लग्नघरात अशी नखं घेऊन जाऊ?"

पावलू पुढं झाला. मास्तरांनी त्याला हातानं अडवलं. कोपऱ्यात पडलेली पट्टी वाकून उचलली, खिशात टाकली आणि टेम्पोचं दार उघडून धरलं.

"तशीच जा, बाय. पावाला हात लावण्याआधी स्टॅनीला विचार."