चार कवड्यांचं दान

एका राजाचं तळं कोरडं ठणठणीत पडलं, बरं का. पाऊस चांगला झाला होता, पण डोंगरातल्या मेल्या राक्षसाने अख्खी नदी पिऊन टाकली आणि बसला ढेकरा देत. राजाची मुलगी मालन मोठी धीट. ती थेट त्याच्याकडे गेली पाणी मागायला.

राक्षस म्हणाला, "देतो. पण गुढीपाडव्यापर्यंत तळं काठोकाठ भरलं पाहिजे, नाहीतर तुला उचलून नेणार. रोज एक रांजण हवा तर एक घे. नाहीतर या चार कवड्या टाक. जितक्या उताण्या पडतील तितके रांजण."

दसरा नुकताच झाला होता. राजा म्हणाला, "पोरी, मुकाट्याने एक घे. कवड्यांचा काय भरवसा?"

मग मालनने काय केलं? घरातल्या कवड्या काढल्या आणि टाकत सुटली. प्रत्येक खेपेला एक पान मांडायचं आणि उताण्या पडतील तितके चिंचोके टोपलीत टाकायचे. कधी एकही नाही, कधी चारच्या चार. बोटं दुखली तरी थांबली नाही. मग टोपलीतले चिंचोके सगळ्या पानांवर सारखे वाटले. पानागणिक दोन-दोन आले, उरले अगदी थोडे.

ती म्हणाली, "बाबा, एका खेपेचं कुणालाच सांगता येणार नाही. पण खूप खेपा मिळून खेपेमागे दोनच्या आसपास पडतात. रोज एकच घेतला, तर पाडव्याला तळं अर्ध्याच्या थोडं वर येईल, आणि मी गेलेच म्हणून समजा. दोन-दोनने भरून वर सांडेल."

दुसऱ्या दिवशी तिने राक्षसापुढे कवड्या टाकल्या. सगळ्या पालथ्या! आता त्या नगरीची रीत अशी, की सगळ्या कवड्या पालथ्या पडल्या की दान रुसलं म्हणायचं आणि पट गुंडाळायचा. लोक म्हणाले, "थांब गं बाई." तिने पुढच्या दिवशी पुन्हा टाकल्या. पुन्हा पालथ्या. तिसऱ्या दिवशी कशीबशी एक उताणी पडली. (रमे, दुलई ओढू नकोस, तुझ्या भावाला पण थंडी वाजते.)

राजाने जेवण सोडलं. राक्षस गोड गोड बोलायला लागला, "अजून एकावर ये की." मालनला भीती वाटली बरं का. पण ती मनात म्हणाली, कवड्यांना कालचं काय ठाऊक? त्या कशाला रुसतील?

आणि ती टाकत राहिली. मग तीन पडल्या. मग दोन. मग चार. मग पुन्हा एकही नाही, तेव्हा राजाने डोळे मिटून घेतले. मग परत तीन. तळ्याचा तळ झाकला, पायऱ्या बुडाल्या, बेडकं ओरडायला लागली. इकडे पाणी देऊन देऊन राक्षस आपला वाळत चाललेला.

पाडवा अजून पुढे होता, आणि एका सकाळी तळं काठावरून सांडलं! पाणी खळाळत रस्त्यावर आलं. नगारे वाजले, म्हाताऱ्यासुद्धा पाण्यात उतरल्या. राक्षस इतका लुकडा झाला होता, की एक पोर त्याच्यावर शिंकलं आणि तो भुर्रकन डोंगरापलीकडे उडाला. राजाने भर पाण्यात मालनला खांद्यावर घेतलं आणि हसता हसता रडला. "माझी पोर माझ्याकडेच राहिली," म्हणाला.

मग सगळी नगरी पोटभर पाणी प्यायली आणि सुखाने राहिली. आता मिटा डोळे. कुशीवर वळा बघू.